पाव इंचाच्या नकाशावरून अख्खी युद्धनौका उभी करणारे मुंबईचे जमशेटजी वाडिया

रहिमतपूर म्हणजे कोरेगाव तालुक्यातलं गाव. समुद्र सह्याद्रीच्या पार पलीकडे. तरी एका दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी ठरवलं की यंदा रायगड, प्रतापगड नको, सिंधुदुर्ग करायचा.

मोठी परात आणली. मधे मातीचा किल्ला थापला, भोवती पाणी ओतलं, अळीव पेरले. आता समुद्र आहे म्हटल्यावर आरमार पाहिजेच. थर्माकोल कापून एक गलबत केलं, झाडूच्या काडीची डोलकाठी, कागदाचं शीड. सगळं झकास झालं होतं. मग त्यावर बाजारातून आणलेला मावळा उभा केला आणि गलबत आडवं झालं. मावळा डोलकाठीपेक्षा उंच होता!

तेव्हा हसण्यावारी नेलं. पण जगभरात लाखो लोक ज्या छंदापायी रात्र रात्र जागतात, त्याचा पहिला धडा हाच आहे. रणगाडे, लढाऊ विमानं, युद्धनौका यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या जगात याला स्केल म्हणतात. एकदा स्केल ठरलं की माणूस, तोफ, दोर, खिळा, सगळं त्याच मापात लहान व्हायला हवं. एक वस्तू जरी चुकली, तरी ते युद्धनौकेचं मॉडेल राहत नाही, खेळणं होतं.

या छंदात १:७२ हे स्केल लोकप्रिय आहे. म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. १:४८ मधे तोच माणूस दीड इंचाचा होतो.

आता तुम्ही म्हणाल, ४८ हाच आकडा का? ५० का नाही? कारण तो फूट आणि इंचाच्या हिशेबातून आलाय. एक फुटाला पाव इंच. पाव इंच गुणिले ४८ म्हणजे १२ इंच, एक फूट. ब्रिटिश आरमाराचे जहाजांचे नकाशे याच मापात काढले जायचे. आज एखादा हौशी माणूस लाकडी युद्धनौकेचं मॉडेल करायला घेतो तेव्हा बऱ्याचदा याच नकाशांच्या नकला समोर ठेवून बसतो.

पण या नकाशांवरून उलटं कामही झालं. छोट्या कागदावरून खरीखुरी, दीडशे-पावणेदोनशे फुटांची युद्धनौका बांधण्याचं. आणि ते करणाऱ्यांमधलं एक मोठं नाव आपल्या मुंबईचं होतं. जमशेटजी बोमनजी वाडिया.

सुरतेहून आलेलं सुतारांचं घराणं

वाडिया म्हटलं की आपल्याला बॉम्बे डाईंग आठवतं, नाहीतर परळचं वाडिया हॉस्पिटल. पण त्याच्या कितीतरी आधी हे घराणं ओळखलं जायचं ते जहाजांसाठी. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळात जहाज बांधणारा असा सांगितला जातो.

गोष्ट सुरू होते १७३६ मधे. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत स्वतःची गोदी हवी होती. सुरतेत लवजी नसरवानजी नावाचे एक पारशी कारागीर होते, त्यांचं काम कंपनीच्या लोकांच्या नजरेत भरलं. लवजी सोबत काही सुतार घेऊन मुंबईला आले आणि इथेच राहिले. १७५० च्या आसपास मुंबईत दगडी सुकी गोदी तयार झाली. जहाज आत घ्यायचं, दरवाजे बंद करायचे, पाणी काढून टाकायचं आणि कोरड्यात उभं राहून तळाची दुरुस्ती करायची. आशियातल्या या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या गोद्यांमधे तिचं नाव घेतलं जातं.

जमशेटजी हे या लवजींचे नातू. जन्म १७५४ च्या सुमाराचा.

हा काळ आपल्यासाठीही महत्त्वाचा आहे. १७५५ मधे इंग्रजांनी सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मधे विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्रेंचं आरमार जळालं. या मोहिमांवर गेलेली जहाजं मुंबई बंदरातूनच निघाली होती. म्हणजे जमशेटजी रांगत होते तेव्हा कोकण किनाऱ्यावरची मराठ्यांची एक मोठी आरमारी ताकद संपत होती आणि त्यांच्या आजोबांची गोदी वाढत होती. ही गोष्ट नुसती अभिमानाची नाही, आणि ते आपण विसरायला नको.

महिना बारा रुपये

आजोबा गोदीचे मुख्य बांधणीकार. नातवाला सरळ ऑफिसात बसवता आलं असतं. पण लवजींनी तसं केलं नाही. जमशेटजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी माणेकजी यांना साध्या सुताराच्या कामाला लावलं. पगार महिना बारा रुपये.

या पोरांनी हातात करवत, रंधा, पटाशी धरली. सागाची ओंडकी कशी ओळखायची, कुठल्या वाकड्या लाकडातून जहाजाची कुठली बरगडी निघेल, फळी कुठे फाटेल, हे हातानं शिकले. इंग्लंडच्या कुठल्याही गोदीत त्यांचं शिक्षण झालं नाही. जे काही शिकले ते मुंबईत, घरच्या मोठ्या माणसांकडून.

१७७४ मधे लवजी गेले. त्यांच्यानंतर माणेकजी आणि बोमनजी या त्यांच्या मुलांनी गोदी सांभाळली. १७९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती पिढीही संपली आणि कारभार फ्रामजी आणि जमशेटजी या दोन चुलतभावांकडे आला. १८०४ मधे फ्रामजी वारले. तिथून पुढची सतरा वर्षं मुंबई गोदीचा मुख्य माणूस म्हणजे जमशेटजी.

इंग्रजांना मुंबईची गरज का पडली?

युरोपात तेव्हा नेपोलियनबरोबरची युद्धं चालू होती. ब्रिटनला युद्धनौका हव्या होत्या आणि त्या ओक लाकडाच्या बनायच्या. एका मोठ्या युद्धनौकेसाठी हजारो झाडं लागायची. ओक वाढायला शंभर वर्षं लागतात आणि युद्ध काही तेवढं थांबत नाही. इंग्लंडमधला चांगला ओक कमी पडू लागला.

इकडे मुंबईला मलबारचा साग मिळत होता. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे तो लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेलं लोखंडही टिकतं. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागात तो त्रास कमी. सागाची जहाजं ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालतात हे कंपनीच्या जहाजांवरून दिसलंच होतं.

मग ब्रिटिश आरमारानं ठरवलं की आपल्या युद्धनौका मुंबईत बांधून घ्यायच्या. लंडनच्या थेम्स नदीकाठच्या जहाज बांधणाऱ्यांना हिंदुस्थानात जहाजं बांधलेली अजिबात खपत नव्हती, त्यांचा धंदा जाणार होता. त्यांनी विरोध केला. तरी मुंबईत काम सुरू झालं.

कागदावरून गोदीत

इथे येतो तो पाव इंचाचा हिशेब.

लंडनहून नकाशा यायचा. त्यात एकाच जहाजाची तीन चित्रं असायची. एक बाजूनं पाहिलेलं, एक वरून पाहिलेलं, पण अर्धंच, कारण दुसरी बाजू आरशासारखी सारखीच असते. आणि तिसरं समोरून, कांदा कापल्यासारखे एकात एक काप दाखवणारं. या तीन चित्रांवरून जहाजाचा प्रत्येक बिंदू ठरतो.

मग त्या रेषा ४८ पट मोठ्या करून एका प्रशस्त लाकडी जमिनीवर आखायच्या. त्यावरून पातळ फळ्यांचे फरमे कापायचे. तो फरमा लाकडावर ठेवून बरगडी कापायची. शेवटी या सगळ्या बरगड्या जहाजाच्या कण्यावर उभ्या करायच्या आणि बाहेरून फळ्या ठोकायच्या.

ऐकायला सोपं वाटतं. पण हिशेब करून बघा. नकाशावरची रेघ अर्धा मिलिमीटर सरकली तर जहाजात ती चूक २४ मिलिमीटरची होते, जवळपास एक इंच. अशा डझनावारी बरगड्या. प्रत्येकीत थोडी थोडी चूक झाली तर फळ्या बसणारच नाहीत, आणि बसल्या तरी जहाज एका बाजूला ओढेल.

मॉडेल बनवणाऱ्याचं गणित याच्या उलट असतं. खऱ्या जहाजातली एक इंचाची वस्तू त्याला अर्ध्या मिलिमीटरमधे दाखवायची असते. तो भिंग लावून, श्वास रोखून काम करतो. जमशेटजींकडे भिंग नव्हतं, शेकडो सुतार होते. पण मेंदूतलं काम तेच होतं. सपाट कागदाकडे बघून त्यातला फुगीर, जिवंत आकार डोळ्यांसमोर उभा करायचा.

साष्टी, मिंडेन आणि बायरन

ब्रिटिश आरमारासाठी मुंबईत बांधलेल्या सुरुवातीच्या नौकांपैकी एक होती ३६ तोफांची साल्सेट. साल्सेट म्हणजे आपली साष्टी. ठाण्याचं जे बेट मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलं आणि नंतर इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलं, त्याच बेटाचं नाव. १८१० मधे इंग्रज कवी लॉर्ड बायरन याच साल्सेटवरून इस्तंबूलला गेला. वाटेत ती नांगर टाकून उभी असताना त्यानं डार्डनेल्सची सामुद्रधुनी पोहून पार केली, आणि तो पराक्रम आयुष्यभर सांगितला. ज्या नौकेतून तो गेला ती मुंबईच्या सुतारांची होती.

त्याच वर्षी जमशेटजींनी मोठी उडी घेतली. १९ जून १८१० ला मिंडेन पाण्यात उतरली. ७४ तोफा, दोन तोफमजले, सुमारे १७०० टन. समोरासमोरच्या लढाईत रांगेत उभी राहणारी ही मोठ्या वर्गाची युद्धनौका. ब्रिटिश आरमारानं अशी नौका ब्रिटनबाहेर पहिल्यांदाच बांधून घेतली होती. त्यासाठी मुंबईत नवी डंकन गोदी बांधली होती. ती आजही मुंबईच्या नौदल गोदीत आहे.

वाडियांच्या गोदीत नव्या जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकायची रीत होती. पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थना व्हायच्या. नौका इंग्रजांच्या राजाची, पण तिचा मुहूर्त मुंबईच्या पद्धतीनं.

मिंडेननंतर रांगच लागली. १८१३ मधे कॉर्नवॉलिस, १८१५ मधे वेलस्ली, १८१७ मधे ट्रिंकोमाली आणि मेलव्हिल, १८१८ मधे मलबार.

नकाशेच समुद्रात बुडाले

यातल्या ट्रिंकोमालीची गोष्ट मॉडेल बनवणाऱ्यांना जास्त आवडेल.

१८१२ मधे ब्रिटिश आरमारानं मुंबईला नव्या फ्रिगेटची ऑर्डर दिली. नकाशे पाठवले जावा नावाच्या युद्धनौकेवरून. त्याच नौकेवर मुंबईत बनणाऱ्या जहाजांच्या तळाला लावायचा तांब्याचा पत्राही होता. शिवाय हिंदुस्थानात नेमणूक झालेले लेफ्टनंट जनरल हिस्लॉपही होते.

२९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाला गाठलं अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेनं. जोरदार लढाई झाली, जावा हरली. तिची अवस्था इतकी वाईट होती की अमेरिकनांनी ती पेटवून दिली. नकाशे आणि तांबं तिच्यासोबत गेलं. लंडनला पुन्हा नकाशे पाठवावे लागले आणि ट्रिंकोमालीचं काम काही वर्षं रखडलं.

गंमत बघा, तीच कॉन्स्टिट्यूशन आज जगात सर्वात जास्त बनवल्या जाणाऱ्या जहाज मॉडेल्सपैकी एक आहे. रेव्हेल कंपनीचा तिचा १:९६ मापाचा प्लॅस्टिक किट कित्येक पिढ्यांनी जोडला. १:९६ म्हणजे १:४८ च्या बरोबर निम्मं. तळावरचा तांब्याचा पत्रा रंगवणं हा तर त्या छंदातला वेगळाच विषय. लाकूड पोखरणारी समुद्री कीड लागू नये म्हणून तो पत्रा लावायचे. मॉडेलवर नवं कोरं चकचकीत तांबं दाखवायचं की समुद्रात राहून काळवंडलेलं तपकिरी, यावर लोक तासन्‌तास चर्चा करतात. पण तिनं हरवलेल्या नौकेवर मुंबईच्या गोदीसाठी निघालेलं तांबं होतं, हे किती जणांना माहीत असेल?

अखेर १२ ऑक्टोबर १८१७ ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. खर्च आला सुमारे २३ हजार ६०० पौंड. त्यानंतर महिन्याच्या आत, ५ नोव्हेंबरला, पुण्याजवळ खडकीची लढाई झाली आणि पेशवाई कोसळायला लागली. डिसेंबरमधे महिदपूरला होळकरांचा पराभव करणाऱ्या इंग्रज फौजेचा सेनापती कोण होता? तोच हिस्लॉप, जो जावावर पकडला गेला होता.

कण्यावर कोरलेली ओळ

आता जमशेटजींबद्दल सर्वात जास्त सांगितला जाणारा किस्सा.

१८०० साली त्यांच्या गोदीतून कॉर्नवॉलिस नावाची एक फ्रिगेट तयार झाली. ही कंपनीसाठी बांधलेली, १८१३ च्या मोठ्या कॉर्नवॉलिसच्या आधीची. सांगतात की बांधणी चालू असताना जमशेटजींनी तिच्या तळाच्या आतल्या लाकडावर, कुणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, एक ओळ कोरून ठेवली. हे जहाज कुणी बांधलं आणि कुठल्या साली, एवढंच. पण स्वतःचं नाव न लिहिता, काळ्या माणसासाठी गोरे साहेब जी शिवी वापरायचे तीच त्यांनी स्वतःसाठी लिहिली. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला गोदीत आलं तेव्हा त्यांनी ती ओळ साहेबांना दाखवली.

या एका ओळीत काय नाही? ज्याच्या हातच्या कामावर तुमचं आरमार तरंगतंय, त्याला तुम्ही काय म्हणता हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी भांडण केलं नाही, काम सोडलं नाही. फक्त जहाजाच्या पोटात नोंद करून ठेवली.

मॉडेल बनवणारे बरेच लोक आजही असंच करतात. जहाज बंद करण्याआधी आतल्या बाजूला नाव आणि तारीख लिहितात. बाहेरून कधीच दिसत नाही, पण बनवणाऱ्याला माहीत असतं.

जमशेटजी जेव्हा खऱ्या नौका बांधत होते, त्याच काळात इंग्लंडच्या नॉर्मन क्रॉससारख्या तुरुंगछावण्यांत फ्रेंच युद्धकैदी जेवणात उरलेल्या हाडांपासून युद्धनौकांची छोटी मॉडेल्स कोरत होते आणि बाजारात विकत होते. ती आज संग्रहालयांत काचेच्या पेटीत आहेत. बहुतेकांच्या खाली जहाजाचं नाव असतं. करणाऱ्या कैद्याचं क्वचितच.

नौकांचं पुढे काय झालं?

३१ ऑगस्ट १८२१ ला जमशेटजींचं निधन झालं. तेव्हा गोदीत ८४ तोफांची गँजेस जवळपास तयार होती. नोव्हेंबरमधे ती पाण्यात उतरली ती त्यांचे चिरंजीव नवरोजी यांच्या देखरेखीखाली. पुढे नातू जहांगीर नवरोजी जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले. पण तोपर्यंत वाफेचं युग आलं होतं आणि लाकडी शिडांच्या नौकांचे दिवस संपत आले होते.

नौकांनी मात्र सागाचा शब्द खरा केला.

७४ तोफांच्या कॉर्नवॉलिसवर २९ ऑगस्ट १८४२ ला नानकिंगचा तह झाला. पहिलं अफू युद्ध हरलेल्या चीननं हाँगकाँग ब्रिटनला दिलं ते याच नौकेवर सही करून. नंतर तिचा सांगाडा धक्का म्हणून वापरला गेला आणि १९५७ पर्यंत टिकला.

वेलस्ली तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत पोचली. सव्वाशे वर्षांची ही म्हातारी थेम्स नदीत प्रशिक्षण नौका म्हणून उभी होती. १९४० मधे जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात ती बुडाली. नेपोलियनच्या काळातली शिडाची युद्धनौका, हिटलरच्या विमानांनी बुडवलेली. १:७२ मधे जर्मन बाँबर बनवणाऱ्यानं शेजारी १:७२ ची मुंबईची लाकडी नौका ठेवली, तर बघणाऱ्याला ती चूक वाटेल. पण ती चूक नाही.

आणि ट्रिंकोमाली? ती अजून आहे. इंग्लंडच्या हार्टलपूलमधे दुरुस्त करून ठेवली आहे. युरोपात अजूनही पाण्यावर तरंगणारी ती सर्वात जुनी युद्धनौका मानली जाते. लोक तिकीट काढून बघायला जातात. तिचा तोफमजला सुमारे १५० फुटांचा. १:४८ मधे मॉडेल केलं तर ३ फुटांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे आपल्या दिवाळीच्या किल्ल्याएवढं.

या नौकांनी ज्यांच्यावर तोफा डागल्या त्यांच्या बाजूनं बघितलं तर ही गोष्ट वेगळी दिसते, आणि तसंही बघायला हवं. जमशेटजींनी साम्राज्याचं हत्यार बनवलं हे खरं. त्याच साम्राज्यानं त्यांना बरोबरीचा माणूस मानलं नाही हेही खरं. जहाजाच्या पोटात कोरलेली ती ओळ या दोन्ही गोष्टी एकदम सांगते.

मॉडेलच्या खाली पितळी पट्टी लावतात. त्यावर नौकेचं नाव, तोफांची संख्या आणि साल असतं, कधी कधी कॅप्टनचं नावही. ट्रिंकोमाली, मिंडेन किंवा वेलस्ली कुणी करायला घेतलीच तर त्या पट्टीवर अजून एका ओळीला जागा ठेवावी. बांधणी, मुंबई गोदी, जमशेटजी बोमनजी वाडिया.

आमच्या परातीतल्या गलबताचं म्हणाल, तर त्या दिवाळीत आम्ही मावळा खाली उतरवला आणि किल्ल्याच्या दारात उभा केला. तिथेही तो दारापेक्षा उंचच होता.